तरंगलेल्या वह्या, बुडालेली कर्जखते

मराठीत काही गोष्टी समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा अलिखित संकेत आहे : लग्नातली मंगलाष्टके, सत्कारसमारंभातली मानपत्रे आणि अल्पखर्ची भक्तिपट. तिन्हींत वृत्त ढळते, तिन्हींत विशेषणे पायलीला पन्नास मिळतात आणि तिन्ही प्रसंगी श्रोत्याने हातात अक्षता धरून निमूट उभे राहायचे असते. त्यांपैकी मंगलाष्टके घटकाभरात आटोपतात, मानपत्र चौकटीत बसून भिंतीवर धूळ खात राहते. भक्तिपट मात्र दोन-सव्वादोन तास चालतो आणि त्यानंतर वर्षानुवर्षे 'संतांविषयीची माहिती' म्हणून लोकांच्या डोक्यात मुक्काम करतो. म्हणून संकेत मोडून त्याच्याविषयी बोलणे भाग आहे.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक बारामतीत शिकवतो, दुसरा इंदापुरात. तुकोबांची पालखी दर आषाढात आमच्या दारावरून जाते. बारामतीचा मुक्काम हलला की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, पुढे सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, मग सराटी. आणि तिथे पादुकांना नीरास्नान घालून पालखी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. म्हणजे ज्याच्यावर हे चित्रपट निघतात तो माणूस आमचा शेजारी आहे. एके काळी या वाटेवरच्या मुक्कामांवर पेढे, तुळशीमाळा आणि बुक्का यांच्या जोडीला भक्तिपटांच्या व्हीसीडी मिळत. आता तेच चित्रपट मोबाइलवर फुकट चालतात. त्यांची फळे आम्हांला परीक्षेच्या काळात दिसतात. 'तुकारामांच्या अभंगांतील आत्मसंघर्ष स्पष्ट करा' असा प्रश्न असतो आणि उत्तरपत्रिकेच्या पहिल्याच पानावर विमान उतरते. आत्मसंघर्ष कुठे दिसत नाही. त्याला बहुधा विमानात जागा मिळालेली नसते.

भक्तिपटाचे सुबोध व्याकरण

हे चित्रपट ज्यांनी दोनचार पाहिले, त्यांना पाचवा पाहण्याची गरज उरत नाही. त्यांचे व्याकरण पाणिनीपेक्षा काटेकोर आहे. तिथे निदान अपवादांना तरी सूत्रे होती.

सूत्र पहिले : संताचे धोतर कधी मळत नाही. तो शेत नांगरो, मडकी घडवो की दुष्काळात वणवण फिरो, धोतराची घडी इस्त्रीची असते. सूत्र दुसरे : संताला भूक लागत नाही. भूक बायकोला लागते, आणि ती बोलून दाखवते म्हणून ती कजाग ठरते. सूत्र तिसरे : खलनायक पहिल्या दृश्यात हसतो. त्याच्या हसण्याला कारण लागत नाही. सूत्र चौथे : आधुनिक काळातल्या कथेत नास्तिक हा शहरातून शिकून आलेला, गॉगल घातलेला आणि लहानपणी आई गमावलेला असतो, देव नाही असे त्याने विचार करून ठरवले असावे, अशी शक्यता पटकथेला शिवत नाही. सूत्र पाचवे : डॉक्टर चष्मा काढून 'आता सगळं त्याच्या हातात' असे म्हणतो आणि त्याच क्षणी देव्हाऱ्यातले फूल उजवीकडे पडते. डावीकडे पडलेले फूल मराठी पडद्यावर आम्ही तरी पाहिलेले नाही.

याशिवाय काही निपात आहेत. सतराव्या शतकाच्या आभाळात विजेची तार. देहूच्या घरात प्लॅस्टिकची बादली. संताच्या दाढीच्या आणि गालाच्या मध्ये जगाला दिसणारी फट. दहा वारकरी कॅमेऱ्यासमोरून जातात, मागून वळसा घेऊन पुन्हा येतात आणि अशा रीतीने लाखोंचा जनसागर तयार होतो. अलीकडे त्यात संगणकाची भर पडली आहे. पूर्वी वैकुंठ पुठ्ठ्याचे असे आणि हलत असे. आता ते संगणकात तयार होते आणि हलत नाही, एवढीच प्रगती.

हसण्यासारखे एवढे पुरे. पण हे दोष क्षम्य आहेत हेही लगेच सांगितले पाहिजे. दशावतारातला रावण लाकडी मुखवटे बांधून येतो आणि मध्यरात्रीला त्याची भीती वाटते. वारीच्या वाटेवर भारूड करणारा बाप्या लुगडे नेसून उभा राहतो, मिशी झाकण्याचीही तसदी घेत नाही, आणि नाथांच्या शब्दांतली सासुरवाशीण समोर उभी करतो. दाढीची फट प्रेक्षक आपल्या पदरच्या कल्पनेने बुजवत आला आहे. अडचण फटीची नाही. फटीच्या मागे कुणीच नाही, ही अडचण आहे.

सातासमुद्रापलीकडचे भाऊबंद

हा आजार एकट्या मराठीचा नाही. अमेरिकेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ख्रिस्ती प्रचारपटांचा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे, आणि त्यातले काही पाहताना आपण सणसरच्या मुक्कामी तर बसलो नाही ना, असा भास होतो. 'गॉड्स नॉट डेड' (२०१४) या चित्रपटात तत्त्वज्ञानाचा एक प्राध्यापक पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाकडून 'देव मेला आहे' असे कागदावर लिहून मागतो. व्यवसायबंधू म्हणून आम्ही या प्राध्यापकाकडे आदराने पाहतो. आमच्याकडे हजेरीपटावर सही मिळवतानाच तास संपतो. एक विद्यार्थी लिहून द्यायला नकार देतो, वादविवाद होतो, प्राध्यापक हरतो. तो नास्तिक का, तर लहानपणी आई वारली म्हणून. शेवटी भर पावसात त्याला मोटार उडवते आणि मरता मरता तो श्रद्धावान होतो. आमचे चौथे आणि पाचवे सूत्र अटलांटिक ओलांडून गेलेले पाहून मराठी माणसाचा ऊर भरून यावा.

'फायरप्रूफ' (२००८) त्याहून घरगुती. जॉर्जिया राज्यातल्या एका चर्चने हा चित्रपट काढला आणि अनेक कामे सभासदांनी विनामोबदला केली. नायक अग्निशमन दलात; संसार मोडकळीला आलेला. चाळीस दिवसांच्या एका उपासनावहीप्रमाणे वागून तो तो सावरतो, आणि मोहाचे मूळ म्हणून घरातला संगणक अंगणात नेऊन बॅटने फोडतो. आपल्याकडच्या चित्रपटात हाच नायक दारूची बाटली फोडतो. बाटली काय, संगणक काय; वस्तू फुटली की माणूस बदलला, हा विश्वास दोन्हींकडे सारखाच.

हे नाते योगायोगाचे नाही. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना आपल्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते, असे त्यांनीच पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिले. त्या दर्शनातून 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) जन्मला. भारतीय चित्रपटाचे मूळ असे एका ख्रिस्तपटात आहे. उलट दिशेने, रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो असे मानत. महाराष्ट्रात या दोन परंपरांची ये-जा फार जुनी आहे. वाईट एवढेच की अलीकडे देवाणघेवाण फक्त दोषांची उरली.

पैसा नव्हता हो!

भक्तिपटावर टीका केली की पहिले उत्तर येते : 'पैसा नव्हता.' हे उत्तर बारामतीत तरी कुणी देऊ नये. कारण इथे कऱ्हेकाठी, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने, मोरोपंत राहत होते. पंतांनी रामायणे किती लिहिली याचा परंपरेतला आकडा १०८ आहे, आणि त्यांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. निरोष्ठ म्हणजे ओठांनी उच्चारायचे वर्ण वर्ज्य. आता 'राम' या शब्दातला 'म' ओठ मिटल्यावाचून निघत नाही. म्हणजे रामायण लिहायचे आणि त्यात रामाचे नाव घ्यायचे नाही! साधनांची याहून मोठी टंचाई कोणत्या निर्मात्यावर ओढवली आहे? पंतांनी ती कुणाच्या माथी मारली नाही, स्वतः होऊन पत्करली आणि त्यातून वाट काढली. त्यांच्या शब्दचमत्कृतीवर हवी तेवढी टीका करावी, पण टंचाई ही कारागिराची कसोटी असते, तिचे तारण ठेवून सवलत मागायची नसते, हे त्यांच्याकडून शिकावे.

पंत जुने वाटत असतील तर फाळके घ्या. विमा पॉलिसी गहाण, सरस्वतीबाईंचे दागिने मोडलेले, चित्रपटातल्या माणसांचा स्वयंपाक त्याच करणार. अल्पखर्ची भक्तिपटाची व्याख्याच ही. तरी 'कालिया मर्दन' (१९१९) मधल्या मंदाकिनीच्या, म्हणजे फाळक्यांच्या लेकीच्या, चेहऱ्यावरचा खोडकरपणा शंभर वर्षांनंतरही शिळा झालेला नाही. ख्रिस्तपटांच्या बाजूने पिएर पाओलो पासोलिनीचे उदाहरण आहे. १९६४ साली त्याने मॅथ्यूच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला तो दक्षिण इटलीतल्या गरीब गावांत, बहुतेक हौशी माणसे घेऊन. ख्रिस्त झाला एक स्पॅनिश विद्यार्थी, उतारवयातली मरिया झाली दिग्दर्शकाची स्वतःची आई. पासोलिनी नास्तिक आणि मार्क्सवादी. चित्रपट मात्र पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केलेला. या चित्रपटातला ख्रिस्त घाईत असतो, रागावतो, धुळीने माखतो. त्याचे धोतर, म्हणजे झगा, मळतो.

आणि उलट बाजूने पाहा. 'गॉड्स नॉट डेड' सुमारे वीस लाख डॉलरांत झाला आणि त्याने सहा कोटींहून अधिक डॉलर मिळवले. वीस लाख डॉलरांत इंदापूर तालुक्यातल्या एकूण एक गावात एकेक संतपट काढता येईल. एवढे पैसे असूनही प्राध्यापकाची आई लहानपणी वारावीच लागली. तेव्हा दारिद्र्य आहे, पण ते तिजोरीतले नव्हे. या चित्रपटांत शंकेचा दुष्काळ आहे.

शंका नावाची संपत्ती

संतकाव्य ही देवाशी चाललेली अखंड भांडणाची वही आहे. नामदेव देवावर रुसतात, जनाबाई त्याला शिव्या घालते, चोखोबा त्याच्या दारात उभे राहून आपल्याला आत का घेत नाहीस असे विचारतात. तुकोबा तर देवाला दिवाळखोर ठरवण्यापर्यंत जातात. पंतांची 'केकावली' हीदेखील मोराने फोडलेल्या टाहोसारखी विनवणी आहे, आणि विनवणीच्या आड तीत कितीतरी युक्तिवाद दडलेले आहेत. या परंपरेत देव उत्तरदायी आहे. भक्तिपटात देव पुरवठा अधिकारी आहे : अर्ज आला, फूल पडले, माल पोचला.

'प्रभात'च्या 'संत तुकाराम'ने (१९३६) ही चूक केली नाही, म्हणून तो आजही पाहवतो. दामले आणि फत्तेलाल यांनी चमत्कार भरपूर दाखवले. त्या काळी त्यांची युक्तिदृश्ये नावाजली गेली. पण चित्रपट उभा आहे तो जिजाईवर. गौरीने रंगवलेली ही बाई घर चालवते. मूल आजारी पडते तेव्हा पायातली वहाण हातात घेऊन ती थेट विठोबासमोर जाऊन उभी राहते. विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा आभाळाकडे पाहतो, जिजाई पिठाच्या डब्याकडे पाहते, आणि दिग्दर्शक दोघांनाही खरे मानतो. वैकुंठाचे बोलावणे आले तरी ती आपला संसार सोडत नाही. श्रद्धा आणि भाकरी यांतले एकही खोटे न ठरवता हा चित्रपट संपतो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, तो परीक्षकांना गरुडाच्या विमानाचे अप्रूप वाटले म्हणून झाला असेल असे आम्हांला वाटत नाही.

त्याच चित्रपटातला सालोमालोही पाहावा. हा खलनायक तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो. खलनायकाचा मुख्य गुन्हा वाङ्मयचौर्य असलेला दुसरा लोकप्रिय चित्रपट आम्हांला ठाऊक नाही. संताचा शत्रू हा कवितेचा शत्रू असतो, हे पटकथाकार शिवराम वाशीकरांना कळले होते. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक गीत लोक तुकोबांचाच अभंग समजून गाऊ लागले, इतके ते त्या भाषेत मुरलेले होते. आजचा गीतकार 'विठ्ठल' आणि 'पंढरी' या दोन शब्दांच्या मध्ये जे भरतो, ते तुकोबांचे समजण्याची चूक कुणी करणार नाही.

दोन वेळा इंद्रायणी

आता मुद्द्याचे. तुकोबांच्या चरित्रात कागद दोनदा इंद्रायणीत जातात. दुसऱ्या वेळी अभंगांच्या वह्या जातात, तेरा दिवसांनी त्या तरंगून वर येतात. हा प्रसंग प्रत्येक चित्रपटात असतो, कारण तिथे पाणी, प्रकाश आणि घंटा यांना वाव आहे. पहिल्या वेळी जी जातात ती कर्जखते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घर बुडाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, दिवाळे निघाले. महाजनाच्या घरातला हा मुलगा त्यानंतर लोकांकडून येणे असलेल्या रकमेचे कागद काढतो, धाकट्या भावाची निम्मी वाटणी त्याच्या हवाली करतो आणि आपली निम्मी नदीत सोडतो. ती वर आली नाहीत. कुणी तेरा दिवस धरणे धरले नाही, देवानेही हात घातला नाही.

आमच्या मते तुकोबांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा चमत्कार तो, आणि तो पूर्णपणे माणसाने केलेला आहे. ज्या तालुक्यांत कालव्याच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला जिराईत माळ आहे, जिथे घराघरात सोसायटीचे नाहीतर पतसंस्थेचे पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले असते, तिथल्या प्रेक्षकाला या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. आणि नेमके हेच दृश्य अल्पखर्ची भक्तिपट दोन वाक्यांच्या निवेदनात उरकतो किंवा गाळतो. विमानाला मात्र आठ मिनिटे. हा खर्चाचा प्रश्न असता तर उलट झाले असते; कागद पाण्यात सोडायला किती पैसे लागतात? पण तरंगलेली वही पाहून प्रेक्षक हात जोडतो, बुडालेले कर्जखत पाहून तो प्रश्न विचारेल. वही देवाचे मोठेपण सिद्ध करते. कर्जखत पाहणाऱ्याकडे काहीतरी मागते. २०१२ सालच्या चंद्रकांत कुलकर्णी यांच्या 'तुकाराम'ने चमत्कारांपेक्षा या माणसाकडे अधिक पाहण्याचा प्रयत्न केला, हे नोंदवायला हवे. तो मार्ग रुळला नाही.

तीन आक्षेप, थोडक्यात

'चमत्कार आमचे नव्हेत, महिपतींचे आहेत,' असे कुणी म्हणेल. खरे आहे. 'भक्तविजय' (१७६२) चमत्कारांनी भरलेला आहे. पण महिपतींचा चमत्कार घरगुती हालअपेष्टांच्या दीर्घ वर्णनातून वर येतो. त्याआधी ओवीमागून ओवी माणसे रडतात, उपाशी राहतात, एकमेकांना बोल लावतात. आमचा चमत्काराला विरोध नाही. डेन्मार्कच्या कार्ल ड्रायरच्या 'ऑर्डेट'मध्ये (१९५५) मेलेली बाई उठून बसते आणि पाहणारा अश्रद्धही गप्प होतो, कारण त्याआधीचे दोन तास त्या घरातल्या प्रत्येक शंकेला पुरता वेळ दिलेला असतो. चमत्काराची किंमत शंकेने चुकवावी लागते. भक्तिपटाला तो उधारीवर हवा असतो.

'लोकांना आवडते,' हा दुसरा आक्षेप. 'जय संतोषी मां' (१९७५) या अल्पखर्ची हिंदी चित्रपटाच्या वेळी प्रेक्षक चपला बाहेर काढून चित्रगृहात शिरत, पडद्याची आरती करत. त्या प्रेक्षकाला आम्ही हसत नाही. तो आपली श्रद्धा घरून घेऊन येतो, आणि रिकाम्या पडद्यावरही ती ओतू शकतो. आमचे म्हणणे एवढेच, की प्रेक्षकाने आणलेला नैवेद्य हा स्वयंपाक्याचा पराक्रम म्हणून मिरवू नये.

तिसरा आक्षेप भावना दुखावण्याचा. त्यावर आम्ही एवढेच विचारतो : साडेचार हजारांच्या आसपास अभंगांची गाथा समोर असताना तिच्या कर्त्याला एक शुभ्र धोतर, एक स्मितहास्य आणि एक विमान एवढ्यात संपवले जाते, तेव्हा कुणाच्याच भावना कशा दुखावत नाहीत?

एक सूचना करून थांबतो. ती अल्पखर्चीच आहे. कुणा निर्मात्याकडे थोडके पैसे आणि खरी भक्ती असेल तर त्याने एकच घर घ्यावे, एकच रात्र घ्यावी. देहूचे ते घर, कंदील नव्हे तर पणती, दोन भाऊ, मध्ये कर्जखतांचा ढीग, आणि दाराशी ही वाटणी पाहत उभी असलेली आवली, जिला उद्याच्या पिठाची काळजी आहे. निम्मे कागद का बुडवायचे हे थोरल्याने धाकट्याला सांगायचे, आणि आवलीने मध्येच विचारायचे, की उद्या खायचे काय. तिला उत्तर देता आले तर तो चित्रपट. देता आले नाही आणि तरीही कागद नदीत गेले, तर तो संतपट. विमानाचे भाडे वाचेल. दाढी नीट चिकटवायला तेवढे पुरे.